अंगठ्याचे अठ्ठावीस दिवस

३, सोमवार

आज संध्याकाळी माझ्याच घराने मला आत घेतलं नाही. ही गोष्ट कुठेतरी लिहून ठेवायला हवी, म्हणून सूनबाईला शाळेतून मिळालेली आणि दोन वर्षं कोरी पडलेली ही डायरी काढली.

चिरंजीवांचा धंदा कुलपांचा. किल्लीची कुलपं त्याला कमीपणाची वाटतात. बोट टेकवलं की उघडणारी कुलपं तो लोकांच्या ऑफिसांना बसवून देतो. त्यातलंच एक आज घराला बसवलं. दारावर काचेचा छोटा चौकोन, खाली आकड्यांची बटणं. हिने बोट लावलं, हिरवा दिवा, दार उघडलं. सूनबाईने लावलं, हिरवा दिवा. मग मी घरातला कर्ता पुरुष म्हणून रुबाबात अंगठा टेकवला, तर तांबडा दिवा लागला आणि आतून एक बाई म्हणाली, "कृपया बोट काचेवर ठेवा."

अगं बाई, ठेवलंय!

दहाही बोटं झाली. दहा वेळा तिने तेच सांगितलं, आणि शेवटी शेवटी तर मला तिचा आवाज जरा कंटाळल्यासारखा वाटला. चिरंजीवाने टॉर्च आणून माझी बोटं उलटीसुलटी करून पाहिली.

"बाबा, तुमच्या बोटांना रेघाच नाहीत."

"कुठे गेल्या?" हिने असं विचारलं, जसं काही मी छत्री विसरून आलोय.

कुठे जाणार? कंगव्यांत गेल्या. चाळीस वर्षं मी शिंगाचे कंगवे करतोय. मागच्या गल्लीत माझी खोली आहे. शिंगाच्या पट्ट्या गरम करून दाबून सपाट करायच्या, करवतीने दाते पाडायचे, कानशीने प्रत्येक दात्याचं टोक गोल करायचं आणि मग चकाकीसाठी ओली पांढरी पूड लावून बोटांनी घोटत बसायचं. हातमोजे घातले की काही कळत नाही, म्हणून मी ते कधी घातले नाहीत. सगळं झालं की शेवटी उजवा अंगठा सगळ्या दात्यांवरून सावकाश फिरवायचा. कुठे खरखर लागली नाही तरच कंगवा पास. वडील म्हणायचे, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, अंगठ्याला विचार. मी रोज शेकडो दात्यांविषयी अंगठ्याला विचारत आलो, तो बिचारा उत्तरं देऊन देऊन गुळगुळीत झाला.

"त्यात काय, आकडे दाबा. चार आकड्यांचा कोड आहे," चिरंजीव म्हणाला.

मी सांगितलं, चोराने चार आकडे पाठ केले तर तोही आत येईल. मग माझ्यात आणि चोरात या दाराच्या लेखी फरक काय? मी आकडे दाबणार नाही. दार मला ओळखेल तेव्हाच मी माझा माझा आत येईन, तोवर बेल वाजवीन. हिने कपाळाला हात लावला. तिचं बोट दाराला चालतं, तिला काय होतंय.

४, मंगळवार

सकाळी चिरंजीवाला कल्पना सुचली, की पायांनी मी कंगवे करत नाही, म्हणजे पायाच्या अंगठ्याला रेघा असणार. होत्या! स्टुलावर बसून, पाय वर करून नोंद केली. यंत्राने पायाचा अंगठा असा पटकन ओळखला की हाताच्या अंगठ्याला वाईट वाटावं.

दुपारी बाजारातून आलो. काच माझ्या छातीइतक्या उंचीवर आहे. चप्पल काढली, भिंतीला धरलं, पाय उचलला. तो कमरेपर्यंत गेला. आणखी थोडा गेला असता, पण समोरच्या घरात राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई नेमक्या तेव्हाच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काका, कुणी कोंडलंय का आत? दार फोडायचं असेल तर खांद्याने फोडा."

पायाची नोंद रद्द. कंबर दुखते आहे.

६, गुरुवार

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. मोठ्या बाजारातल्या दुकानदाराने बारा कंगवे परत पाठवले. तीस वर्षं तो माझा माल घेतो. आता असा माल घेणारा तोच एक उरला आहे. बाकीचे केव्हाच प्लॅस्टिकच्या मागे गेले. सोबत चिठ्ठी: 'गिऱ्हाइकं म्हणतात, टोचतात. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत नवा डझन पाठवा. तोही असाच निघाला तर मला थांबवावं लागेल. राग मानू नये.'

राग मानू नये म्हणे! बाराही कंगवे काढून अंगठा फिरवला. लोणी! एकाही दात्याला खरखर नाही. टोचतात म्हणे. लोकांची डोकीच हल्ली नाजूक झाली आहेत, दुसरं काय? आणि दुकानदाराला स्वतःला तर कपाळ कुठे संपतं तेही ठाऊक नाही, इतकं टक्कल. त्याने कंगव्याबद्दल बोलावं?

हिला विचारलं, "तू एवढी वर्षं माझेच कंगवे वापरतेस. कधी टोचले?"

ही गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझं काय घेऊन बसलात. मला सवय आहे."

याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं? मी ताबडतोब दुकानदाराला पत्र लिहिलं. 'तुमच्या डोक्यावर चार केस असते तर तुम्हाला कंगवा कशाशी खातात ते कळलं असतं', अशी सुरुवात केली आणि पुढे कडक होत गेलो. पाकीट बंद करून हिच्याकडे पोस्टात टाकायला दिलं. तिने ते निमूटपणे घेतलं.

न्हाणीघरातल्या फळीवर गुलाबी प्लॅस्टिकचा कंगवा दिसला. "हा कुणाचा?" तर ही म्हणाली, सूनबाईचा. सूनबाईचे केस बोटभर. तिला कंगवा लागतोच कशाला कुणास ठाऊक, आणि तोही प्लॅस्टिकचा, माझ्या घरात!

७, शुक्रवार

आजचा दिवस महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सूनबाई शाळेत जीवशास्त्र शिकवते. दुपारी लवकर आली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने माझी शिकवणी घेतली. आधी माझ्या खोलीतला शिंगाचा भुसा चिमूटभर जाळला. मग हिच्या खांद्यावरचा एक गळलेला केस जाळला. मग नखाचा तुकडा. "वास घ्या बाबा." तिन्हींचा वास तोच, नाक मुरडायला लावणारा.

"हे सगळं केराटिन," ती म्हणाली. "एक प्रथिन आहे. त्याचे धागे एकमेकांभोवती पीळ घालून बसतात आणि गंधकाच्या टाक्यांनी शिवलेले असतात. म्हणून जळताना असा वास येतो. शिंग, केस, नख आणि आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर, सगळीकडे याच घराण्यातला माल. केसात आणि नखात टाके जास्त म्हणून ते कडक, कातडीत कमी म्हणून ती मऊ."

म्हणजे मी चाळीस वर्षं शिंगाला केसांसाठी घासतोय, आणि ज्या अंगठ्याने घासतोय तोही त्यांचाच भाऊबंद! ऐकून मला फार बरं वाटलं.

"आता तेवढा अंगठा जाळून बघू नका म्हणजे झालं," ही म्हणाली.

पुढचं मी वहीत उतरवून घेतलं. कातडीच्या तळाशी रोज नव्या पेशी जन्मतात. त्या केराटिन भरून घेत घेत वर सरकतात, वर येईतो मरतात, चपट्या होतात आणि शेवटी गळून पडतात. आपण ज्याला हात म्हणतो त्याचा बाहेरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो. तळापासून वर यायला साधारण चार आठवडे लागतात. आणि बोटांवरची नक्षी वरच्या थराची नसतेच, ती खालच्या थरात, आपण आईच्या पोटात असतानाच ठरलेली असते. वरचं कितीही झिजलं तरी घासणं थांबवलं की खालून पुन्हा तीच नक्षी वर येते. तीच, जशीच्या तशी.

"तीच?" मी विचारलं.

"तीच बाबा. दुसरी येऊच शकत नाही."

मला का कोण जाणे, एकदम भरून आलं. चाळीस वर्षं मी वरवर घासत राहिलो आणि आत माझा मूळ अंगठा सुखरूप बसून आहे.

ती पुढे सांगायला लागली, "आणि बाबा, त्या रेघा नुसत्या ओळखीसाठी नसतात. स्पर्श कळायलाही त्यांचा उपयोग होतो. शिवाय जिथे सतत दाब पडतो तिथे केराटिनचा थर जाड होतो, त्यामुळे तुमच्या अंगठ्याला आता—"

"दूध उतू जातंय का बघ गं," ही मध्येच म्हणाली. सूनबाई उठून गेली. गॅसवर दूध नव्हतंच. ही हल्ली विसरते फार.

निश्चय: अठ्ठावीस दिवस कंगव्याला हात लावायचा नाही. पाच तारखेला दार उघडायचं. मग दहा दिवसांत नवा डझन करून त्या टकल्याच्या नाकावर टिच्चून पाठवायचा.

९, रविवार

अंगठा पाहिला. काही नाही.

११, मंगळवार

रिकामा माणूस घरात कुणालाच नको असतो, हे आज कळलं. हिला भाजी कशी चिरावी ते सांगितलं, डबे कुठल्या क्रमाने लावावेत ते सांगितलं, आणि तिची विळी किती बोथट आहे ते सांगितलं. तिने मला पांढरे सुती हातमोजे घातले, आत कसलंसं मलम चोपडलं, आणि बाहेरच्या पायरीवर बसवलं. शाळेत जाणाऱ्या एका पोरीने विचारलं, "आजोबा, तुम्ही जादूगार का?" मी हो म्हणालो. ती बराच वेळ उभी राहिली. मला काही दाखवता येईना, तेव्हा निघून गेली.

१५, शनिवार

बेल वाजवायची तर दार उघडायला आत कुणीतरी हवं. त्यामुळे माझं येणंजाणं हिच्या येण्याजाण्याला बांधलं गेलं आहे. ती भाजीला निघाली की मी भाजीला. ती बहिणीकडे निघाली की मी बहिणीकडे. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण एवढं आम्ही बरोबर कधी हिंडलो नसू. आज तळ्याच्या कडेला बाकावर अर्धा तास नुसते बसलो. तिने सांगितलं की तिला लहानपणी पोहायला येत असे. मला माहीतच नव्हतं. असो, ही सगळी त्या कुलपाची कटकट.

परतताना नर्सबाई भेटल्या. त्यांच्याकडे माझा वीस वर्षांपूर्वीचा कंगवा आहे. अजून तोच वापरतात. मी म्हटलं, नवा करून देतो. त्या घाईघाईने म्हणाल्या, "नको नको काका, हाच छान आहे. हा हरवला तर मी केस कापीन, पण नवा नको."

एखाद्या कारागिराच्या मालावर लोकांचा एवढा जीव! हिला म्हटलं, "ऐकलंस?" ही म्हणाली, "ऐकलं."

१९, बुधवार

अनर्थ! अंगठ्याची कातडी सोलून निघायला लागली आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखे तुकडे. सूनबाई शाळेतून येईपर्यंत मी हात छातीशी धरून पायरीवर बसलो होतो.

तिने पाहिलं आणि टाळ्या पिटल्या. "जुना जाड थर चाललाय बाबा! अभिनंदन!"

कातडी गळते म्हणून कुणी अभिनंदन केल्याचं मी प्रथमच पाहतोय. सुनेपुढे रडवेला झालो होतो, त्याची आता लाज वाटते.

२४, सोमवार

खोलीत जळमटं धरली असतील म्हणून नुसता झाडायला गेलो. झाडता झाडता एक अर्धवट कंगवा हाती लागला. हातमोजा कधी निघाला आणि अंगठा दात्यांवरून कधी फिरायला लागला ते मला कळलंही नाही. पाच दाते झाल्यावर शुद्धीवर आलो. कुणाला सांगितलं नाही.

जेवताना सूनबाई म्हणाली, "बाबा, बाहीला पांढरी पूड कसली?"

"पिठाची," मी म्हणालो.

"आज घरात पीठच नव्हतं," ही म्हणाली. तिघंही हसली. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला या घरात तिघं जण आहेत, आणि वर ते कुलूप.

पण एक सांगण्यासारखं आहे. त्या पाच दात्यांपैकी दोन मला खरखरीत लागले. अर्धवटच होता म्हणा.

३०, रविवार

भिंगातून पाहिलं. रेघा! फिक्या, पण आहेत. अंगठ्याच्या मधोमध एक भोवरा आहे, थोडा डावीकडे कललेला. चौसष्ट वर्षांचा झालो, पण हा भोवरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. हिला दाखवला. तिने आपला अंगठा शेजारी ठेवला. तिच्या अंगठ्यावर भोवरा नाही, कमान आहे. दोघं भिंगात डोकी खुपसून बसलो होतो, तेव्हा चिरंजीव आला आणि आल्यापावली परत गेला.

५, शुक्रवार

उघडलं!

सकाळी चिरंजीवाने नव्याने नोंद केली. मग सगळ्यांना आत पाठवून दार लावून घेतलं आणि मी एकटा बाहेर उभा राहिलो. अंगठा टेकवला. क्षणभर काहीच झालं नाही. त्या एका क्षणात माझ्या मनात आलं, की आता ती आतली बाई नाही म्हणाली तर मी गल्लीतल्या खोलीतच राहायला जाईन. मग हिरवा दिवा लागला, कट्ट आवाज झाला, दार आपसूक सुटलं, आणि समोर तिघं उभी. हिने डोळे पुसले आणि कांद्यामुळे आले म्हणाली. आज कांदा चिरलाच नव्हता.

दिवसभरात सतरा वेळा आत-बाहेर केलं.

उद्यापासून कामाला. परत आलेला डझनही सोबत नेणार आहे. नव्या, ताज्या अंगठ्याने एकदा बारकाईने तपासून टाकतो, म्हणजे दुकानदाराला लिहिता येईल की दोन दोन अंगठ्यांनी पास केलेला माल आहे.

६, शनिवार

पहिला कंगवा घेतला. डोळे मिटले, अंगठा फिरवला.

खरखर.

मला वाटलं पूड लागली असेल. कंगवा धुतला, पुसला, पुन्हा फिरवला. तिसरा दाता, सातवा, अकरावा. टोकांवर बारीक काटे. दुसरा कंगवा घेतला. तिसरा घेतला. बाराच्या बारा. कोणाचे चार दाते, कोणाचे दहा. एकाचा तर सबंध कडेचा भाग करवंदाच्या झुडपासारखा.

हेच बारा. गेल्या महिन्यात याच हाताने पास केलेले.

मग शेल्फावरचे जुने काढले. मागच्या वर्षीचे, चार वर्षांपूर्वीचे, सात वर्षांपूर्वीचे. मी नमुन्यासाठी दर वर्षी एकेक ठेवत आलोय. अंगठा फिरवत मागे मागे गेलो. दहा वर्षांपूर्वीचा हाती आला तेव्हा खरखर थांबली. तो खरोखर लोण्यासारखा होता.

७, रविवार

आज लिहिण्यासारखं काही नाही.

८, सोमवार

दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. आज चिरंजीव आणि सूनबाई बाहेर पडल्यावर हिच्यासमोर परत आलेल्यांतला एक कंगवा ठेवला.

"कधीपासून टोचतात?"

तिने कंगव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खोटं बोलायचा तिचा विचार असावा, पण माझा चेहरा पाहून तिने तो सोडला.

"सूनबाई घरात यायच्या आधीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही अंगठा फिरवलात आणि म्हणालात, तुझं डोकंच नाजूक झालंय. मग मी गप्प बसले."

मला काहीच आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही. गेल्या महिन्यात हेच वाक्य मी डायरीत लिहिलं आहे.

"पुन्हा सांगायचं होतंस."

"प्रत्येक नवा कंगवा झाला की पळत मला दाखवायला आणायचात," ती म्हणाली. "तुमचं तेव्हाचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. दोन ओरखड्यांसाठी ते कोण उतरवणार?"

"आणि तो गुलाबी?"

"माझा."

लाज वाटली, अगदी सपशेल लाज वाटली. दहा वर्षं किती डोकी ओरबाडली असतील मी, आणि वर त्यांनाच नाजूक म्हणत राहिलो. त्यातलं हे एक डोकं तर रोज माझ्या शेजारी जेवायला बसत होतं.

मग एकदम दुकानदाराचं पत्र आठवलं. चार केस असते तर! आता त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जाऊ? मी डोकं धरून बसलो. ही उठली, कपाटातून एक पाकीट आणून माझ्यासमोर ठेवलं. माझंच पत्र, बंद, तिकिटासकट.

"मला पोस्टात जायला वेळच झाला नाही," ती म्हणाली. तिकडून ती महिन्यात वीस वेळा गेली असेल.

दुसरं पत्र लिहिलं. फार लहान झालं. 'तुमच्या गिऱ्हाइकांचं बरोबर होतं. माझा अंगठा गेला होता, ते मला कळलं नाही. चौदा तारखेपर्यंत बारा चांगले कंगवे करतो. ते चांगले आहेत की नाहीत हे मी ठरवणार नाही.' हे पत्र मी स्वतः जाऊन टाकलं.

१४, रविवार

आठवडाभर डायरीला हात लागला नाही. सूनबाईने शिवून दिलेल्या कापडी टोप्या बोटांवर चढवून घोटायचं काम केलं. त्या घातल्या की बोटांना काही म्हणजे काही कळत नाही. पण आता बोटांना विचारायचंच नाही असं ठरवल्यावर त्याचं दुःख कसलं? अंगठा दारासाठी, आणि कंगव्यासाठी दुसरी परीक्षा.

दुपारी ही केस धुऊन अंगणात खुर्चीवर उन्हाला बसली. मी मागे उभा राहिलो, बाराही कंगवे टेबलावर मांडून. पहिला तिच्या केसांतून कपाळापासून मानेपर्यंत ओढला.

"छान आहे," ती म्हणाली.

"खरं सांग."

"सांगितलं ना, छान."

"हे बघ," मी म्हणालो, "उद्या दुकानदार नाही म्हणाला तर माझी खोली बंद होईल. आणि तू आज खोटं बोललीस तर ती तुझ्यामुळे बंद होईल."

तिने माझा हात धरून कंगवा पुन्हा एकदा ओढून घेतला. मग अगदी हळू म्हणाली, "डावीकडून चौथा. टोचतोय."

चौतीस वर्षांत तिने माझ्या कामाला नाव ठेवल्याचं मला तरी हे पहिल्यांदाच आठवतं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त हलकं वाटलं. तिथेच खाली बसलो, कानशीने चौथ्या दात्याचं टोक गोल केलं, घोटलं, पुन्हा फिरवला. "आता नाही टोचत." एकदा भीड चेपल्यावर मात्र तिने मला सोडलं नाही. "सहावा आणि त्याच्या शेजारचा." "हा सगळाच पुन्हा करा." "अहो, हा काय कंगवा आहे की खराटा?" नर्सबाई कुंपणावरून बघत होत्या. त्या आपलंही डोकं घेऊन आल्या आणि पाचव्या कंगव्यात हिला न सापडलेला एक दाता त्यांनी शोधून काढला. दोघी मिळून मला असं धारेवर धरत होत्या, जसं काही मी आजच शिकाऊ म्हणून लागलोय. उन्हं कलली तरी आमचं चालूच होतं. नर्सबाई गेल्या, हिचे केस वाळले, माझी पाठ धरली.

शेवटचा, बारावा कंगवा. तिच्या केसांतून वरून खालपर्यंत नेला. ती काहीच बोलली नाही. पुन्हा नेला. तरी नाही. तिसऱ्यांदा नेला आणि मला भीती वाटली, की हिला आता सांगायचाही कंटाळा आला. वाकून पाहिलं, तर तिचे डोळे मिटलेले.

"कसा आहे?" मी विचारलं.

"थांबू नका," ती म्हणाली.